पानांच्या काठाचं पांघरूण

तांबडा दोरा आपण कधी विणला, हेच फ्लॉसीच्या मनात पहिल्यांदा आलं. पांढऱ्या पांघरुणाच्या काठावरून, एका पानाच्या टोकापासून दुसऱ्या पानाच्या टोकापर्यंत, बारीक तांबडी रेघ गेली होती. कुणी मुद्दाम सुईने ओवून काढावी अशी. जेवणाची भांडी आवरून, हात पुसत ती आतल्या खोलीत आली होती, नात झोपलीय ना एवढंच बघायला. चष्मा डोक्यावर होता. तो तिने नाकावर ओढला आणि रेघ हलली.

मुंग्या होत्या.

त्याच क्षणी आर्या किंचाळली. पाच महिन्यांचं पोर, पण आवाज असा की पडवीत बसलेली सगळी उठली. फ्लॉसी मात्र जिथे होती तिथेच उभी राहिली. हातातलं फडकं हातातच. पांघरूण ओढून काढायचं, बाळाला उचलायचं, हे सगळं तिला कळत होतं, पण कळणं आणि हात यांच्यामधली तार कुणीतरी कापली होती. तिच्या अंगावरूनच तिची विहीण वसुंधरा आत घुसली. गुडघा दुखतो म्हणून सकाळी पायरीसुद्धा हात धरून चढलेली बाई. तिने पांघरूण भिरकावलं, बाळाला उचललं, अंगातलं कापड ओरबाडून काढलं आणि तशीच मोरीत नेली. "पाणी! विहीणबाई, पाणी ओता!" तिचं ओरडणं ऐकून फ्लॉसीचे पाय सुटले.

पायांवर, पोटऱ्यांवर, बोटांच्या बेचक्यांत तांबड्या मुंग्या चिकटलेल्या होत्या. पाण्याने जाईनात, वसुंधराने एकेक चिमटीत धरून काढली. शर्ली, बाळाची आई, दारात उभी राहून "मम्मी, हे काय? मम्मी, हे काय?" एवढंच म्हणत होती. ते कोणत्या मम्मीला, आपल्याला की आकाशातल्या कुणाला, हे फ्लॉसीला कळलं नाही.

फ्लॉसी तुस्कानो हे नाव भुईगावात कुणालाही विचारलं तर माणूस घर दाखवण्याआधी हसतो. हसतो ते तिच्या कपड्यांच्या खळीमुळे. गेली तीसेक वर्षं चर्चमधल्या वेदीवरची कापडं धुऊन, खळ घालून, इस्त्री करून द्यायचं काम तिच्याकडे आहे. कुणी सांगितलं म्हणून नाही. तिची आई करायची, मग ती करू लागली. तांदूळ उकळून त्याचं पाणी गाळायचं, चिमूटभर नीळ, आणि त्यात कापड बुडवून काठाची लेस टाचण्यांनी ताणून वाळत घालायची. "फ्लॉसीने खळ घातलेला रुमाल भिंतीला टेकवला तर भिंत पडेल, रुमाल पडणार नाही," असं तिचा नवरा इनास म्हणायचा. तो जाऊन सहा वर्षं झाली. त्यानंतर मागची वाडी, केळी, दोन नारळ आणि हे वेदीचं काम एवढ्यावर ती उभी होती. ताठपणाची तिला सवयच लागली होती म्हणा ना. स्वतःच्या कॉटनच्या साडीलाही खळ, पडद्यांना खळ, गादीच्या खोळीला खळ. लग्नाआधी शर्ली म्हणायची, "आमच्या घरात झोपलं की कागदात गुंडाळल्यासारखं वाटतं."

शर्लीचं लग्न विघ्नेशशी झालं. विघ्नेश विरारच्या मनवेलपाड्याचा, दोघं एकाच ऑफिसात. त्याची आई वसुंधरा शाळेत शिक्षिका होती, आता निवृत्त. लग्नाच्या वेळी दोन्ही घरांत जे व्हायचं ते झालं, जे बोलायचं ते बोलून झालं, आणि मग सगळी दमली. आर्या जन्मली तेव्हा नाव असं ठेवलं की दोन्ही घरांत कुणाची जीभ अडखळू नये. पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी येते, तेवढ्या एका गोष्टीवर दोन्ही घरांचं आपसूक एकमत होतं. म्हणून शर्ली भुईगावात आली आणि राहिली. तीन महिन्यांनी जायची ती पाचवा महिना सरत आला तरी इथेच.

आता सुट्टी संपत आली होती. शर्ली कामावर जाणार, मग बाळ कुणाकडे?

फ्लॉसीने हा प्रश्न मनात कधीच सोडवून टाकला होता. सोमवार ते शुक्रवार मायलेकी इथे राहतील, शनिवारी-रविवारी मनवेलपाड्याला जातील. वाडीत मोकळी हवा आहे, घर एकमजली आहे, आणि ती स्वतः ठणठणीत आहे. वसुंधराचं म्हणणंही तितकंच सरळ होतं: बाळाने आपल्या घरी राहावं. त्यात सांगायचं काय! दोघी कधी एकमेकींना हे थेट बोलल्या नाहीत. "गुडघ्यावर ऑपरेशन सांगितलंय ना तुम्हाला?" असं फ्लॉसी काळजीने विचारायची. "वाडीत सापकिरडू निघतं का हो अजून?" असं वसुंधरा तितक्याच काळजीने विचारायची.

त्या रविवारी जेवायला यायचं आणि सगळं ठरवून टाकायचं, असं विघ्नेशने फोनवर सांगितलं होतं. म्हणून फ्लॉसीला पांघरूण रविवारच्या आत हवं होतं.

नमुना तिच्या आईचा. आईने वेदीच्या कापडासाठी विणलेल्या लेसचा हातभर उरलेला तुकडा ट्रंकेत होता. शिवणाच्या बारीक दोऱ्याने, सायकलच्या तारा घासून केलेल्या सुयांवर विणलेला. एकाखाली एक पानं, प्रत्येक पानाला मधोमध शीर, आणि शिरेच्या दोन्ही बाजूंनी जाळी. कागदावर काही लिहिलेलं नव्हतं. फ्लॉसीने तुकडा काळ्या कापडावर ठेवला, खिडकीशी नेला, आणि टाचणीच्या टोकाने टाके मोजत मोजत वाचला. कुठे दोन टाके एकत्र घेतलेत, कुठे दोऱ्याचा वेढा टाकून भोक केलंय. डोळ्यांतून पाणी आलं, पण पान समजलं.

समजलं ते बारीक दोऱ्याचं पान. तेच टाके तिने बाळासाठी आणलेल्या जाड, मऊ सुती दोऱ्यात घातले तेव्हा एकेक पान केळीच्या पानाएवढं झालं. शर्ली हसून हसून पलंगावर पडली. "मम्मी, यात आर्याला नको, विघ्नेशला गुंडाळ." फ्लॉसीने उसवलं. पान अर्ध्यावर आणलं, शिरेजवळचे टाके कमी केले. मग जाळीचा प्रश्न आला. लेस म्हणजे भोकं, आणि भोकांतून थंडी शिरणार. डिसेंबरात समुद्राकडून पहाटे वारा येतो तो काही विचारून येत नाही. म्हणून मधला सगळा भाग तिने भरीव, जाड विणला आणि पानं फक्त काठाला ठेवली. त्या पानांची भोकंसुद्धा आर्याचं इवलंसं बोट आत जाऊन अडकणार नाही इतकी लहान केली. झोपलेल्या बाळाचं बोट हळूच धरून, प्रत्येक नव्या रांगेला ती ते तपासून बघायची. लोकर टोचते म्हणून लोकर नाही घेतली. रंग सुटेल म्हणून रंग नाही. धाग्याची टोकं इतकी आत दडपली की तिची तिलाही सापडली नसती. बाळाला काय काय होऊ शकतं ते सगळं तिचं डोक्यात आणून झालं होतं. निदान तिची समजूत तशी होती.

शनिवारी पांघरूण पुरं झालं. धुऊन दोरीवर टाकलं आणि फ्लॉसीचं तोंड उतरलं. मधला भाग ढगासारखा झाला होता, पण काठाची पानं लोंबत होती. जाड मऊ दोरा, त्याला कसला ताठा? आईच्या तुकड्यात पान कसं उभं दिसायचं, शीर न् शीर मोजावी. इथे पालेभाजी शिजल्यासारखी झाली होती. आणि उद्या वसुंधरा येणार. शर्ली बाळाला घेऊन आत झोपली होती. फ्लॉसीने तांदूळ चढवले. सगळं पांघरूण नाही, फक्त काठ बुडवला. जरा घट्टच ठेवली खळ, जाड दोऱ्याला पातळ पुरत नाही म्हणून. गादीवर ताणून टाचण्या लावल्या. संध्याकाळपर्यंत पानं उठून उभी राहिली. बाळाच्या पांघरुणाला खळ घालावी की नाही हा विचार तिच्या मनाला शिवलाच नाही, जसा भातात मीठ घालावं की नाही हा विचार कुणी करत नाही.

रविवारी वसुंधरा विघ्नेशबरोबर गाडीतून उतरली तीच हात पसरून. "अगं बाई, केवढी झाली ही! विहीणबाई, काय घालता काय खायला? केळीचा घड?"

"दूधच घालतो. पण भुईगावची हवा लागते ना."

"हवा आमच्याकडेही असते हो. सातव्या मजल्यावर तर जास्तच."

बसल्या बसल्या वसुंधराने पर्समधून छोटी बाटली काढली, बोटावर मधाचा थेंब घेतला आणि आर्याच्या ओठांना लावला. आर्याने चुटकन चोखला.

शर्ली पुढे झाली. "आई, डॉक्टरांनी सांगितलंय, वर्षाचं होईपर्यंत मध नाही द्यायचा."

"एवढ्याशा बोटाने काय होतंय? विघ्नेशला मी पहिल्या दिवशी दिला होता. झाला की इंजिनीअर."

शर्लीने ओल्या रुमालाने बाळाचं तोंड पुसलं, जरा जोरातच. फ्लॉसीने ते पाहिलं आणि मनातल्या मनात एक गुण आपल्या बाजूला टाकला.

मग तिने पांघरूण आणलं. वसुंधराने ते मांडीवर पसरलं, मधल्या भागावरून तळवा फिरवला. खरंच आवडलेलं तिला लपवता येईना. "हाताचं आहे?"

"मग काय पायाचं?"

"तसं नव्हे हो. किती सारखं आलंय!" तिने काठ चिमटीत धरून वाकवून पाहिला. "पण काठ चांगलाच कडक आहे. बाळाला गुंडाळायचं की टीपॉयवर अंथरायचं?"

"गुंडाळायला मधला भाग. काठ बघायला."

विघ्नेश हसला, शर्लीही हसली. जेवणात कोंबडीचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या होत्या. सगळं ठरवायची गोष्ट जेवणानंतरवर ढकलली गेली. जेवणाआधी फ्लॉसीनेच आर्याला दूध पाजून, नव्या पांघरुणात आतल्या खोलीत झोपवलं. लाकडी खाट खिडकीजवळ, आणि खिडकीच्या पलीकडे वाडी. मुंग्या चढू नयेत म्हणून खाटेच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या असत. सून म्हणून या घरात आल्यापासून फ्लॉसीने त्या कधी कोरड्या पडू दिल्या नाहीत. त्या दिवशीही भरलेल्या होत्या. फक्त पांघरुणाचा काठ तिने खाटेवरून बाहेर सोडला, दारातून येणाऱ्याला पानं दिसावीत म्हणून. दुसऱ्या बाजूचा काठ खिडकीच्या कट्ट्यावर जाऊन टेकला. दुधाची एक गुळणी आर्याने टाकली होती, ती काठावर. फ्लॉसीने बोटाने पुसली आणि भाकऱ्या गार होतील म्हणून घाईने बाहेर गेली.

वसईत मुलांच्या दवाखान्यात रविवारी डॉक्टर होते, हे नशीब. आर्या रडून रडून आता नुसती हुंदके देत होती. डॉक्टरांनी तिला टेबलावर घेतलं, दिवा जवळ ओढला.

"घाबरू नका. घसा, श्वास, सगळं ठीक आहे. सूज दोन दिवसांत उतरेल." त्यांनी एक मलम आणि थेंब लिहून दिले. मग सहज विचारलं, "अंगावर काही गोड सांडलं होतं का?"

शर्लीने वसुंधराकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. वसुंधराच्या तोंडावरचा रंग उतरला, फळ्यावरचं पुसल्यासारखा.

फ्लॉसी मात्र बाळाकडे बघत होती. दिव्याखाली सगळं स्वच्छ दिसत होतं. तांबडे ठिपके पावलांवर होते, पोटऱ्यांवर होते, एका मांडीवर. पोटावर काहीच नव्हतं. गळा साफ, गाल साफ. ओठांजवळ एकही नव्हता. मधाकडे आलेल्या मुंग्या पायांकडे कशाला जातील? पायांशी काठ होता. काठावरची ती रेघ तिच्या डोळ्यांसमोर पुन्हा उभी राहिली, पानाच्या टोकापासून टोकापर्यंत, जिथे जिथे खळ जास्त धरली होती बरोबर तिथून. ती टेबलाला धरून उभी राहिली. शिजवलेला तांदूळ. तांदळाच्या घट्ट पाण्यात बुडवलेला काठ बाळाच्या पायांशी, त्यावर दूध, आणि मुंग्यांना कट्ट्यावरून थेट पूल. हे सगळं तिने स्वतःच्या हाताने बांधलं होतं.

"मम्मी, तुम्हाला काय झालं? बसा," विघ्नेश म्हणाला.

"काही नाही," ती म्हणाली.

परतीच्या वाटेवर ती मागच्या सीटवर शर्लीशेजारी बसली होती. बाळ झोपलं होतं. पुढे वसुंधरा पर्स दोन्ही हातांनी मांडीवर धरून, मान न वळवता. आता सांगावं, आता सांगावं, असं फ्लॉसीला प्रत्येक वळणावर वाटे आणि वळण मागे जाई. तोंड उघडलं की आवाज निघेल याची तिला खात्री नव्हती. आणि खरं सांगायचं तर आणखीही काही होतं, जे तिला स्वतःशीसुद्धा म्हणवत नव्हतं.

घरी पोचल्यावर शर्लीने बाळाला आत झोपवलं, या वेळी स्वतःच्या पलंगावर. बाहेर येऊन पडवीत उभी राहिली आणि बोलायला लागली. सुरुवातीला मराठीत, मग राग चढला तशी घरच्या बोलीत, मग सासूला कळणार नाही हे लक्षात येऊन परत मराठीत.

"मी सांगितलं होतं ना, आई? सांगितलं होतं की नाही? मध नको म्हणून! तुमच्यासमोर बोलायचं नाही, तुम्ही मोठ्या, म्हणून मी गप्प बसले. आणि माझ्या पोरीला मुंग्यांनी खाल्लं!"

"शर्ली," विघ्नेश म्हणाला.

"शर्ली काय! तू तरी बोललास का?"

वसुंधरा खुर्चीच्या कडेवर बसली होती. शाळेत चाळीस चाळीस पोरं एका नजरेत गप्प करणारी बाई; ती सुनेच्या नजरेला नजर देत नव्हती. "मी... तू पुसलं होतंस ना तोंड. मी पाहिलं, तू पुसलंस." मग एकदम ती कोसळलीच. "माझ्यामुळे झालं. काय बुद्धी झाली मला!"

विघ्नेशने केसांतून हात फिरवला. आई आणि बायको यांच्यामध्ये उभ्या असलेल्या कुठल्याही नवऱ्यासारखं त्याने आधी एकीकडे, मग दुसरीकडे पाहिलं. मग म्हणाला, "ठीक आहे. आजच ठरवायचं होतं ना, ठरवून टाकू. आई, तुझा गुडघाही दुखतोय. सध्या आर्या इथेच राहू दे. मम्मी आहेत. मी रोज येऊन जाईन."

वसुंधराने मान हलवली. हो म्हणून.

बस. इतकंच ऐकायला फ्लॉसी कित्येक आठवडे आस लावून होती. तेच आता तिच्यासमोर, न मागता, ताटात वाढल्यासारखं आलं होतं. काही बोलायचं नव्हतं, काही करायचं नव्हतं. फक्त गप्प राहायचं. आणि गप्प राहणं किती सोपं होतं, याचाच तिला सगळ्यात मोठा धक्का बसला. दवाखान्यापासून इथवर तिने तेच तर केलं होतं. गाडीत जे स्वतःशी म्हणवत नव्हतं ते हेच होतं.

ती उठून आतल्या खोलीत गेली. पांघरूण कोपऱ्यात पडलं होतं, वसुंधराने भिरकावलं होतं तिथेच. काठावर अजून मुंग्या होत्या, आपापल्या कामात. तिने ते दोन बोटांनी उचललं, झटकलं नाही, तसंच पडवीत आणलं आणि टेबलावर पसरलं.

"मम्मी, ते कशाला आणलंस? फेक ते!"

"बघ आधी." फ्लॉसीने काठ तिच्याकडे वळवला. "मधल्या भागात एक तरी दिसते का बघ. सगळ्या काठाला आहेत. काठाला मी खळ घातली होती. काल. तांदळाची."

कुणालाच लगेच कळलं नाही. वसुंधराने डोळे पुसणं थांबवलं.

"तू..." शर्ली जवळ आली. "मम्मी, तू बाळाच्या पांघरुणाला खळ घातलीस?"

"पानं उभी राहत नव्हती."

"पानं उभी राहत नव्हती?"

"लोंबत होती. यांना दाखवायचं होतं म्हणून..." तिने वसुंधराकडे हात केला आणि तो तसाच हवेत राहिला. "काठ मीच बाहेर सोडला, खिडकीला टेकला. पायाखालच्या वाट्या भरलेल्या होत्या, म्हणून मी निर्धास्त. मधाचं काही नाही. तोंडाला एकही चावली नाही तिच्या."

शर्ली खुर्चीत बसली. तिच्या तोंडून हसण्यासारखा आवाज निघाला, पण ते हसू नव्हतं. "गादीला खळ, पडद्याला खळ. मी लहानपणापासून म्हणतेय. अगं पाच महिन्यांचं पोर आहे ते, वेदी नाही!"

फ्लॉसीने मान खाली घातली.

पण वसुंधराने तिच्यावरून नजर काढली नव्हती. ती उठली, टेबलाशी आली, वाकून काठ पाहिला. मग सरळ होऊन, वर्गात विचारावं तशा शांत आवाजात विचारलं, "हे तुम्हाला कधी कळलं, फ्लॉसीताई?"

आजवर ती विहीणबाई म्हणायची.

"दवाखान्यात," फ्लॉसी म्हणाली.

"दवाखान्यात. म्हणजे गाडीत तुम्हाला ठाऊक होतं."

"हो."

"मी पुढे बसून देवाचा धावा करत होते. माझ्यामुळे लेकराचं काही बरंवाईट झालं असतं तर म्हणून. तुम्ही मागे बसून बघत होतात."

"हो."

"आणि आत्ता, विघ्नेशने ठरवून टाकलं तोवरसुद्धा."

फ्लॉसीला तिसऱ्यांदा हो म्हणता आलं नाही. वसुंधराने वाट पाहिली नाही. "मुंग्यांचं काय, चुकतं माणसाचं," ती म्हणाली. "मीही मध दिलाच. पण हे..." वाक्य तिने पुरं केलं नाही. पर्स उचलून काखेला लावली. "विघ्नेश, बाळाला मनवेलपाड्याला न्यायचं. आज. आहे त्या कपड्यांनिशी."

"नाही," शर्ली म्हणाली.

ती उभी राहिली होती. "मनवेलपाड्याला नाही आणि इथेही नाही. आम्ही पाळणाघर बघितलंय. ऑफिसच्या मागच्या गल्लीत. मला दुपारी जाऊन पाजता येईल."

"काय?" वसुंधरा म्हणाली.

"काय?" फ्लॉसीच्या तोंडूनही निघालं, त्याच दमात.

"पाळणाघर? परक्या बायांकडे?" वसुंधरा लेकाकडे वळली. "तू बघितलंस? कधी?"

विघ्नेशचे कान लाल झाले. "मागच्या महिन्यात. तुम्हा दोघींना कसं सांगायचं तेच... आज विषय काढणार होतो जेवणानंतर."

"आणि मघाशी इथेच राहू दे म्हणालास ते?"

"तू रडत होतीस, आई! मला सुचलं ते बोललो."

दोघी विहिणी एकमेकींकडे बघत राहिल्या. इतके आठवडे ज्या गोष्टीसाठी दोघींनी एकमेकींचे गुडघे आणि साप काढले होते, ती गोष्ट कधीच त्या दोघींच्या हातात नव्हती. वसुंधरा परत खुर्चीत बसली, पर्स काखेलाच. फ्लॉसीला वाटलं, आपण बोलावं: अगं शर्ली, असं करू नको, मी आहे ना. शब्द जिभेपर्यंत आलेही. पण आजच्या दिवशी ते वाक्य म्हणायचं तोंड तिच्याकडे उरलं नव्हतं, आणि हे पडवीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. तिच्याऐवजी वसुंधराच थोडा वेळ वाद घालत राहिली, सर्दी-खोकल्यावर, परक्या हातांवर. मग तीही थांबली. शर्ली मान हलवत होती, रागाने नव्हे, दमून. तिचं ठरलं होतं. बहुधा पुष्कळ आधीच.

ऊन कलल्यावर विघ्नेश आईला घेऊन निघाला. वसुंधरा गाडीपर्यंत गेली आणि फ्लॉसीला काही न म्हणता आत बसली. काच वर केली नाही, एवढंच.

फ्लॉसीने पांघरूण बादलीत बुडवलं. पाणी दुधी झालं. ते ओतून दुसरं घेतलं, तिसरं घेतलं. पानं एकेक करून मऊ पडली, पाण्यात आडवी झाली. ती हात पाण्यातच ठेवून बसून राहिली.

"मम्मी!" आतून शर्लीने हाक मारली. आर्या उठली होती. फ्लॉसी दाराशी जाऊन थांबली, उंबऱ्याच्या बाहेरच. शर्लीने बाळाला खांद्यावर घेतलं होतं, एका हातात मलमाची नळी होती आणि तिचं झाकण दातांत.

"धर हिला," ती झाकण काढून म्हणाली. "मला एका हाताने लावता येत नाहीये."

फ्लॉसीचे हात पुढे आले आणि मागे गेले. "मी नको. तिला पलंगावर ठेव ना."

"पलंगावर वळवळते. धर म्हटलं ना."

"हात ओले आहेत माझे."

"मग पूस!" शर्ली वैतागून म्हणाली. आवाजात माया नव्हती, माफीही नव्हती. होतं ते फक्त एवढंच की तिला दोन हात कमी पडत होते.

फ्लॉसी मोरीत गेली. साबण लावून हात कोपरापर्यंत घासले, नखांतून घासले, पुन्हा घासले. पदराला पुसणार तेवढ्यात थांबली, तो ताठ पदर बोटांत चाचपून पाहिला, आणि न पुसताच हात झटकत, हवेत वाळवत परत आली. मग तिने बाळाला घेतलं. आर्याने तिच्या चष्म्याला हात घातला. तिचे सुजलेले पाय फ्लॉसीच्या मनगटावर आपटत होते, आणि शर्ली खाली वाकून एकेका ठिपक्यावर मलम लावत होती.